जोंधळ्याएवढा उजेड

द्वारकाबाईंच्या मोरीला कालपर्यंत गोणपाट होतं. आज पत्रा होता. एवढंच घडलं होतं. धाराशिवच्या त्या बोळात रोज काही ना काही बदलत असे. कुणाची भिंत पोपडे टाकी, कुणाची शेळी व्यायची, कुणाच्या दारातला दगड रातोरात दुसऱ्याच्या दारात जाऊन बसे. आणि शिवकांता त्यातलं काहीच बघत नसे. तिला बोळाचं फक्त वरचं अंग ठाऊक होतं, दोन भिंतींच्या मधली आभाळाची चिंचोळी पट्टी. मान किंचित वर ठेवून चालायची तिची सवय बोळातल्या बायकांना माहीत झाली होती, आणि त्यावर त्या आता हसतही नसत. आज मेथीच्या जुड्या पदरात घेऊन ती परत येत होती, तर उन्हाची एक तिरीप वरून नव्हे, खालून, मोरीच्या अंगानं तिच्या डोळ्यांत घुसली. तिनं मान खाली केली. पांढराफेक पत्रा. त्यावर सरळ ओळीत बसलेली बारकी गोल डोकी, जोंधळ्याच्या दाण्यांसारखी. आणि मधली एक ओळ थोड्या मोठ्या डोक्यांची. ती ओळ दिसली आणि शिवकांताचा उजवा हात आपोआप वर आला, तळवा ताठ झाला, जणू पलीकडून आता घाव पडणार आहे आणि तो पेलायचा आहे. मेथीच्या जुड्या मातीत पडल्या.

"काय बघतीस ग येवढं?" द्वारकाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या. हाताला राख, तोंडभर हसू. "झाली का न्हाय माझी मोरी निजामाच्या म्हालावानी? आमच्या मालकाला गोणपाट बदला गोणपाट बदला म्हनून घसा कोरडा केला मी. काल गेले जुन्या बाजारात न् हे घिऊन आले. भंगारवाला म्हनला, जर्मन हाय बाई, भांड्यांचं आस्तंय तसलं, तुमी गंजाल पन ह्यो गंजायचा न्हाय!"

"भंगारवाल्यानं कुठनं आणला म्हनं?"

"त्याला काय ठावं. ह्या गावचं त्या गावाला. पडल्याल्या जुड्या उचल, शेळी खाईल." मग द्वारकाबाईंची नजर शिवकांताच्या कपाळावर गेली, तिथून निसटून दुसरीकडे गेली. "संक्रांतीला... वाणाला येतीस न्हवं?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. हा प्रश्न हल्ली सगळ्याच बायका असा विचारत, दार उघडून लगेच लोटून घेतल्यासारखा. बेपत्ता महांतप्पाची ही बायको सवाशीण की नाही, हे बोळात कुणालाच ठरवता येत नव्हतं.

शिवकांतानं जुड्या उचलल्या. पत्र्याच्या कडेकडे तिनं बघितलं नाही. मधल्या ओळी बघितल्या, मोठ्या डोक्यांची ओळ पुन्हा एकदा बघितली, पण जिथं हा पत्रा दुसऱ्या पत्र्याला जोडलेला होता ती कड तिनं नजरेनं शिवली नाही. कडेवर सगळं लिहिलेलं असणार होतं. आणि ते वाचता येणारी अख्ख्या जिल्ह्यात ती एकटीच उरली होती.

तो पत्रा इमानाचा होता, आभाळात उडायच्या विमानाचा, आणि ते इमान महांतप्पानं बांधलं होतं, तामलवाडीच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात. लढाईच्या दिवसांत तो बेंगळुराला इमानांच्या कारखान्यात होता. मोडकी इमानं यायची, त्यांचे फाटलेले पंख हा शिवायचा, ती उडून जायची, आणि ह्याला एकदाही कुणी आत बसवलं नाही. लढाई संपली तसं कामावरून काढलं. घरी आला तो हत्यारांची एक जड पेटी आणि एक खूळ घेऊन. पत्रे सोलापूरहून यायचे. निजामाच्या करोडगिरीच्या, जकातीच्या, नाक्यावरचा शिपाई विचारी, "क्या बनाते जी?" तर हा म्हणे, "लगीनघरची भांडी." इंजिन एका पडक्या इमानाचं, ते कडब्याच्या गाडीत, कडब्याखाली झोपून आलं. थोरला भाऊ महालिंगप्पा धाराशिवात आडत चालवायचा, तो येऊन शेडाच्या दारातून बघून जायचा आणि म्हणायचा, "लोकं लिंगपूजा करत्यात, आमचा भाऊ पत्रापूजा करतो." पण सासूबाई, उमाबाई, लेकाच्या बाजूच्या. त्या शेडाच्या दारात सूप घेऊन बसत. डाळ पाखडत. दार उघडं राहावं म्हणून बसत. भरदिवसा नवराबायको एका शेडात, आणि दार बंद, हे कुणाच्या तोंडी नको. आणि उमाबाई दारात बसलेल्या, म्हणजे शिवकांतानं नवऱ्याशी बोलायचं नाही. ते तर रीतीतच नव्हतं. सासूच्या देखत नवऱ्याला शब्द टाकणारी सून त्या घरात आजवर आली नव्हती.

आणि काम असं, की दोघांशिवाय होणारं नाही. रिबीट, म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणारी खिळी, मारायची म्हणजे एकानं बाहेरून घाव घालायचा, एकानं आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा. मधे पत्रा. ह्याला ती दिसत नाही, तिला हा दिसत नाही. ठोकळ्याकडचं टोक चेपून पेढ्यासारखं बसलं की रिबीट झाली. कललं, तडकलं, की बिघडली. ते दिसणार आतल्याला. इमानाची शेपटाकडची अंगं निमुळती, तिथं महांतप्पाचा खांदासुद्धा शिरेना. शिवकांता बारकी. ती पोटावर सरपटत आत गेली, आणि पहिल्यांदा आत पडून वर बघितलं तर तिनं हातातला ठोकळा खाली टेकवला. भोवताली रुपेरी अंधार, आणि त्या अंधारात रिबिटींसाठी पाडलेल्या भोकाभोकांतून उजेड. रांगाच्या रांगा. भरदुपारी चांदण्या. मग बाहेरून घाव पडू लागले, आणि एकेक रिबीट बसेल तशी एकेक चांदणी विझत गेली. आपण उजेड विझवत इमान बांधतोय, असं तिच्या मनात आलं. कुणाला सांगावं तर बोलायचं नाही.

त्या रिबिटी मोठ्या लहरी. महांतप्पा त्या आधी तव्यावर तापवी, लगेच पाण्यात टाकी, मग थोडा वेळ त्या नरम राहत. तेवढ्यातच मारायच्या. गुळाच्या पाकासारखं; हात लावायला उशीर झाला की घट्ट, आणि मग घाव घातला की तडा. "नरमाई हाय तवर हाय," तो आईशी बोलतोय असं दाखवून तिला सांगायचा. "आये, तुला म्हनून सांगतो, नरमाई गेल्यावर कितीबी हाना, बसत न्हाय, फुटती." आणि उमाबाई सूप थांबवून म्हणत, "मला सांगून काय उपेग रं? म्या का जाऊ त्या भांड्यात?" आतून शिवकांताला हसू येई, आणि तिचं हसू त्या पत्र्यात घुमे, आणि बाहेर हातोडी क्षणभर थांबे.

बोलायचं नाही म्हणून त्यानं टिचक्या काढल्या. आतून ठोकळ्यानं पत्र्यावर एक टिचकी: बसली. दोन: आणखी हाण. तीन: बिघडली, काढून टाक. बेंगळुरातही असंच चालतं, तो आईला म्हणाला, तिथल्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही. पण बेंगळुरात आत पडलेल्या माणसाच्या गळ्यात लिंग नसणार. शिवकांताच्या गळ्यात होतं, शिवदोऱ्यात ओवलेल्या चांदीच्या डबीत, करडगीत, जन्मापासून, आणि ते उतरवून ठेवायची गोष्ट मेल्यावरसुद्धा नाही. ती पोटावर पडे, हात लांब करी, आणि करडगी पत्र्यावर आपटे. टिंग. बाहेर महांतप्पा समजे, एक टिचकी, बसली. पुढची घेई. आत ही गोंधळलेली. कललेली रिबीट डोळ्यांपुढं, तीन टिचक्या देऊ पाहते तोवर पुढचा घाव आलेला. ओरडून सांगावं तर दारात सासूबाई. आणि नवऱ्याचं काम बिघडलं असं भर माणसांत बाईनं कसं म्हणावं? तिला वाटलं, त्याला कळत असेल. अख्खी ओळ अशी गेली. संध्याकाळी तो आरसा बांधलेली काठी आत घालून बघत बसला. मग आईकडं बघून म्हणाला, "आये, ह्या ओळीला शंकरानं मंजुरी दिली. आता शंकर थोडाच आत बसून इमान धरनार हाय?"

ती सगळी ओळ त्यानं काढली. हाताच्या गिरमिटानं, एकेका रिबिटीचं डोकं मधोमध पोखरून, हळूच. गावचा लोहार बघायला आला होता, तो म्हणाला, "आप्पा, छन्नी लावा की, तासाच्या कामाला दिवस कशाला?" तेव्हा महांतप्पा मान वर न करता म्हणाला, "छन्नी न्हाय. छन्नीनं पत्र्याला चरा पडतो, चऱ्यातनं वर गेल्यावर फाटतं. ह्या इमानाला छन्नी लावायची आसल तर आदी मला लावावी लागंल." लोहार हसला. उमाबाईंनी "अय्यो, शिवने," म्हणून कानावर हात ठेवले. पोखरून पोखरून भोकं थोडी मोठी झाली होती, म्हणून त्या ओळीत मोठ्या डोक्यांच्या रिबिटी आल्या. शिवकांतानं दुसऱ्या दिवसापासून करडगी चोळीच्या आत घेऊन वरून फडकं आवळून बांधलं. देव उराशी घट्ट, आणि टिचक्या आता फक्त तिच्या.

मग ती शिकली. डोळ्यांनी नव्हे, मनगटानं. घाव नीट आला की ठोकळा हातात एका अंगानं उसळे, चुकार आला की दुसऱ्या अंगानं; न बघता तिला कळू लागलं. आणि हळूहळू त्या टिचक्यांना पाय फुटले. काम थांबलेलं असताना, तो पाणी पीत असताना, बाहेरून बोटाची एक टिचकी यायची, बिनकामाची. तीही एक द्यायची. बसली. लग्नाला एवढी वर्षं होऊन त्या दोघांनी एकमेकांशी जेवढं बोलणं केलं नव्हतं तेवढं त्या पत्र्यातून केलं. दारात सूप चालू असायचं. उमाबाईंना काय कळणार, असं दोघांनाही वाटायचं.

"शिवकांता, ऐकतीस का?" महालिंगप्पानं ताट पुढं सारलं होतं. दुपारची जेवणं झाली होती आणि ती भांड्यांशी बसून हातातल्या परातीवर बोट फिरवत होती. परातीला कुठंही रिबीट नव्हती. "परवा मठातले अय्या येनार हायत. म्या त्यांना बलीवलंय. महांतप्पा हाय का गेला, आता ह्याचा निकाल लावला पाहिजे. भादव्यात फौजा आल्या, निजाम शरण गेला, जेलं उघडली. ज्यांला यायचं ते समदे आले. मला काय ग्वाड वाटतंय का? माझ्या पाठचा हाय त्यो." त्यानं तांब्या उचलून तोंडाला लावला. तो वाईट माणूस नव्हता. दोघी बायांना त्यानं गाडी करून धाराशिवला आणलं होतं, खोली रिकामी करून दिली होती. फक्त त्याला गोष्टी मिटवायची सवय होती, दुकानातल्या दिवसासारख्या.

जात्याशी बसलेल्या उमाबाईंनी खुंटा सोडला नाही. "जेलात गेला आसता तर जेलातनं आला आसता," त्या म्हणाल्या. "माझा लेक वर गेलाय. वरनं येतो म्हनला मला. तू हुतास का तितं?" आणि जातं फिरवत, बोलण्याच्या मधे पीठ पाडावं तशी त्यांनी ओवी घातली:

"सांगते बाई तुला, माझ्या लेकाच्या इमानाला
पंख फुटले ग कसे, माझ्या घरच्या जर्मनाला..."

ही ओवी आता बोळातल्या बायकाही म्हणत. तामलवाडीत तर तो उडाला ही गोष्ट उमाबाईंच्याही आधी पिकली होती. त्या उन्हाळ्यात रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. इमान बांधणारा माणूस कुणाकुणाच्या डोळ्यांवर येतोय हे सांगून गेलेली माणसं पुन्हा दिसली नाहीत. सरहद्द हाकेवर. पलीकडं सोलापूर, इंग्रज गेलेला मुलूख. गाव रातोरात गाड्या जुंपून निघालं. महांतप्पानं दोघींना गाडीत बसवलं, बैलांच्या पाठीवर हात ठेवून तो आईला म्हणाला, "तुमी गाडीनं जावा, म्या वरनं येतो. तुमच्या आदी पोचतो बघ." मग शिवकांता बसली होती तिथं गाडीच्या फळीवर त्यानं बोटाची एक टिचकी दिली. तिनं फळीच्या आतून एक दिली. एवढंच. सोलापूरच्या छावणीत दोघी वर बघत बसायच्या. सगळी छावणी भाकरीच्या रांगेकडं बघायची, ह्या दोघी वर. पुढं फौजा आल्यावर माघारी गेल्या तर शेड मोकळं. जळलेलं नाही, मोडलेलं नाही, नुसतं मोकळं, झाडून घेतल्यासारखं. एक धनगर म्हणाला, पहाटेचं काहीतरी घरघरत गेलं खरं डोक्यावरून. तेवढ्यावर गोष्ट उभी राहिली. कुणी म्हणे येरमाळ्याच्या डोंगरावरून जाताना बघितलं, कुणी म्हणे तुळजापूरच्या कळसाला वळसा घालून गेलं. शिवकांतानं त्या गोष्टीत कधी भर घातली नाही, आणि ती मोडलीही नाही. ती फक्त वर बघून चालू लागली.

"मग तिलाच इचार," उमाबाई म्हणाल्या. जातं थांबलं होतं. "इमानाच्या पोटात हीच हुती. मी न्हवते, तू न्हवतास. हिनं सांगावं. उडालं आसंल का न्हाय. ही म्हनंल ते मी आयकीन."

महालिंगप्पानं तिच्याकडं बघितलं. कधी नव्हे ते सरळ बघितलं. "सांग बाई," तो म्हणाला. "आये तुझंच ऐकंल. आज दिवस मावळंस्तवर सांग, म्हंजे अय्यांला निरोप द्यायला बरा."

ती उठली. "मेथी निवडायची ऱ्हायलीय," असं काहीतरी म्हणाली आणि चपला न घालता बाहेर पडली.

पंखाची परीक्षा घेतली तो दिवस तिच्या पायांबरोबर चालत होता. दोन पत्रे जोडून महांतप्पानं तुळईला टांगले होते आणि खाली जोंधळ्याची पोती अडकवत गेला होता, एकावर एक, जोड फाटेपर्यंत. पोती धाडकन खाली आली, जोंधळा शेडभर पांगला, उमाबाई "यव्वा!" म्हणून सुपासकट उठल्या. तो मात्र खूश. फाटलेली कड हातात घेऊन आईच्या पुढं बसला, आणि ती कड शिवकांतालाही दिसेल अशी धरली. "हे बग आये. भोक पाडलं तवा जोंधळ्यावानी गोल हुतं. वझं आलं, रिबिटीनं पत्रा वढला, तसं लांबलं. आता गव्हाचा दाणा झालाय बग. इमान वर गेलं न् तितं तुटलं, तर भोक आसं व्हनार. जोंधळ्याचा गहू." त्यानं सांडलेला एक जोंधळा उचलून त्या लांबट भोकात ठेवला, तो निसटून पडला.

म्हणजे तीनच गोष्टी. भोकं गव्हासारखी असतील, तर तो उडाला, आणि पडला. भोकं गोल असतील आणि आजूबाजूला पत्रा नितळ, तर ज्यानं सोडवलं त्यानं गिरमिटानं सोडवलं. तसं सोडवणारा जगात एकच. मग तो जिवंत आहे. इमान स्वतः सोडवून, कुठंतरी दडवून, पायी निघून गेला आहे, आणि येईल. आणि तिसरी गोष्ट. तिसरीपाशी तिचं मन पाऊल टाकत नव्हतं. ते पहिल्या दोहोंमधे येरझारा घालत होतं, आणि तिला आपलीच लाज वाटली, की आपण नवऱ्यासाठी पडणं मागतोय की पळणं, हेही आपल्याला ठरवता येत नाही.

"द्वारकाबाई, पाय धुवू का जरा? शेणात पडला."

"जा की. पानी हाय रांजणात. बघ तरी आतनं कसं झालंय!"

मोरीत शिरून तिनं पत्रा ओढून घेतला. ऊन कलतं होऊन समोरून पत्र्यावर पडत होतं, आत थंड ओलसर अंधार. आणि त्या अंधारात, कडेनं, वरपासून खालपर्यंत उजेडाची भोकं. रांगेनं. विझवलेल्या चांदण्या कुणीतरी पुन्हा लावल्या होत्या. ती तिथंच उकिडवी बसली. पाण्याचा ओघळ पायाखालून गेला. गोल होती. वरचं गोल, त्याखालचं गोल, त्याखालचं. जोंधळा, जोंधळा, जोंधळा. एकही लांबलेलं नाही, एकही गहू नाही. आणि तिच्या छातीत काहीतरी एवढ्या जोरानं उसळलं की करडगी उरावर आपटली. गोल! त्यानं सोडवलं. त्यानं हातानं, हळूहळू, एकेक पोखरून. कुठंतरी कर्नाटकात गेला असेल, आळंदच्या मामाकडं, नाहीतर बेंगळुरालाच. तापानं पडला असेल, निरोप्या सापडला नसेल. एका श्वासात तिनं त्याला घोंगडी पांघरली, पेज दिली, उठवून बसवलं. मग तिनं बोट लावलं. डोळ्यांवर तिचा कधीच विश्वास नव्हता, ते काम ती मनगटानं शिकली होती. बोट भोकाच्या काठावरून बाहेर आलं आणि अडलं. चरा. भोकाच्या खालच्या अंगाला तिरपा, खोल, कडा उचललेला. पुढच्या भोकाला तसाच. पुढच्याला दोन, पहिला घाव हुकला म्हणून दुसरा. ती खालपर्यंत गेली, ओणवी होऊन, ओल्या फरशीला गाल टेकून. प्रत्येक रिबिटीचं डोकं छन्नीनं उडवलेलं होतं. घाईनं, रागानं नव्हे, नुसत्या घाईनं, पत्रा विकायला हवा असलेल्या हातानं. त्याला चरा पडला तरी चालणार होतं. ह्या पत्र्याला आता कुठं वर जायचं होतं.

कुणाचा हात ते छन्नी सांगत नाही. टोळीवाल्याचा असेल, मागून गाव लुटणाऱ्याचा असेल, तो हसून गेलेला लोहारही असेल. ते तिला कळणार नव्हतं, आणि कळून करायचं काही नव्हतं. आदी मला लावावी लागंल, तो म्हणाला होता, मान वर न करता. म्हणजे आधी त्याला लागली. त्या मोकळ्या शेडात, जिथं सूप वाजायचं तिथं. तो वर गेलाच नाही. बेंगळुरात बसू दिलं नाही आणि इथंही नाही. मोठ्या डोक्यांची ओळ तिच्या डोळ्यांपुढं होती. शंकरानं मंजूर केलेली, मग त्यानं पुन्हा मारलेली. तिनं तळवा त्या ओळीवर आतून टेकवला. एकही हलत नव्हती. त्या नीट बसल्या होत्या. त्यांच्यावर कधी वजनच आलं नाही.

ठक ठक. बाहेरून पत्र्यावर दोन. "अग ये, पाय धुतीस का इहीर खंदतीस?" द्वारकाबाई होत्या. शिवकांताचा तळवा तसाच पत्र्यावर होता, आणि ते दोन ठोके तिच्या हातातून कोपरात, कोपरातून खांद्यात गेले. तिनं बोट वाकवलं आणि आतून उत्तर दिलं. एक, दोन, तीन. बाहेर कुणालाच त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मग रांजणातून ओंजळभर पाणी घेऊन तिनं कपाळावर ओढलं, पुन्हा ओढलं, तांबडं पाणी नाकावरून ओठांवर येऊन खारट लागेपर्यंत. कुंकवाच्या वरचे विभूतीचे पट्टेही धुवून गेले होते. भोकांतला उजेड तिच्या ओल्या हातांवर पडला होता, जोंधळ्याएवढा, जोंधळ्याएवढा.

बाहेर आली तेव्हा द्वारकाबाईंनी तिचं कोरं कपाळ बघितलं. त्यांनी मोरीकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं, आणि डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पुढं ओढून घेतला.

घरी आल्यावर ती आधी देव्हाऱ्याशी गेली आणि कोरड्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. महालिंगप्पा ओसरीवर होता. त्यानं तिचं कपाळ बघितलं, उठला, आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. उमाबाई जात्याशीच होत्या. दिवस मावळतीला लागला होता, दारातून आलेलं तांबूस ऊन पिठावर पसरलं होतं, आणि अलीकडं मोतीबिंदू पिकलेल्या त्यांच्या डोळ्यांना तेवढंच दिसत असावं. पाऊल ओळखून त्या म्हणाल्या, "आलीस? मग सांग. उडालं आसंल का ग?"

वाटेत तिनं ठरवलं होतं, खरं ते सांगायचं. छन्नीचं सांगायचं. आता ती त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसली आणि तिला सूप आठवलं. पोती पडल्यावर सुपासकट उठलेली ही बाई आठवली. आणि पोराचं काम कुणी बघावं म्हणून नव्हे तर दार उघडं राहावं म्हणून उन्हात बसून काढलेले तिचे ते सगळे दिवस. म्हातारीला लेकाचं मरण देता येत होतं. त्याच्यातलं आभाळ काढून घेतलेलं मरण देता येत नव्हतं.

"उडालं, आत्या," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "त्यांच्या इमानाचा पत्रा घावला. द्वारकाबाईच्या मोरीला हाय. म्या हात लावून आले. भोकं लांबल्यात. गव्हावानी झाल्यात समदी. वर गेलं हुतं ते. लई वर गेल्याबिगर आसं व्हत न्हाय."

उमाबाईंनी हात पुढं केला, चाचपडत तिच्या कपाळावर आणला. पिठानं माखलेली बोटं विभूतीच्या पट्ट्यांवरून गेली, भुवयांच्या मधे आली, तिथं थांबली. तिथं काही नव्हतं. मग त्यांनी हात मागं घेतला, जात्याच्या पाळीवर ठेवला, आणि बोटाच्या पेरानं दगडावर टिचकी दिली.

एक नव्हे. दोन. आणखी हाण.

शिवकांताला शेड आठवलं. शेडाचं दार, डाळीचा आवाज, आतून बाहेर आणि बाहेरून आत जाणाऱ्या त्या सगळ्या टिचक्या, बिनकामाच्यासुद्धा. आणि दारात बसलेली ही, आंधळी झाली नव्हती तेव्हाही खाली मान घालून पाखडणारी. हिला सगळं कळत होतं.

"उडालं, आत्या," ती पुन्हा म्हणाली.

उमाबाईंचा चेहरा पिठासारखा शांत होता. पेर पुन्हा उचललं गेलं. दोन.

नरमाई आहे तोवरच. शिवकांतानं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, ठोकळा धरतात तसा, आणि घट्ट होत चाललेला तो शब्द तडकायच्या आत पुन्हा एकदा घातला. "उडालं. लई वर गेलं हुतं." मग ती त्या एका टिचकीची, 'बसली' म्हणणाऱ्या टिचकीची, वाट बघत बसली. ऊन पिठावरून सरकलं, उंबऱ्यावर गेलं, विझलं. तिच्या हातातला हात अजून दोनच देत होता.